अर्धी गोळी दिली, फरक पडला म्हणे!

"कुत्रा लंगडतोय, आपली अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ का?" हा प्रश्न मला सतत येतो आणि खरं सांगायचं तर ह्या प्रश्नाची मला भीती वाटत नाही, कारण विचारलंय म्हणजे अजून दिलेली नाही, एक फोन करून थांबवता येतं. भीती वाटते ती दुसऱ्या मेसेजची. "काल अर्धी दिली होती, छान फरक पडलाय, आज जिने चढला, अजून किती दिवस देऊ?" हा मेसेज आला की पोटात गोळा येतो, कारण समोरचा माणूस खूश असतो, कुत्रा खूश असतो आणि मला त्या आनंदावर पाणी ओतायचं असतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. घरात कायम कुत्री आहेत, दवाखान्यांच्या बाकांवर बरंच बसलेय आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची सवय आहे, बाकी काही क्वालिफिकेशन नाही. त्यामुळे ह्यात डोस वगैरे शोधायला आला असाल तर मिळणार नाही. आकडे दिलेत ते घाबरवायला दिलेत, वापरायला नाही.

तर पहिली गोष्ट म्हणजे फरक खरोखरच पडतो. लोक खोटं बोलत नाहीत. आयबुप्रोफेन माणसाचं दुखणं कमी करतं तसं कुत्र्याचंही करतं, त्याच पद्धतीने करतं आणि गोची नेमकी तिथेच आहे. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात, सांधा सुजतो, दुखतो, ठणकतो त्यात त्यांचा हात असतो, गोळी ती बनण्यावरच बंदी आणते म्हणून बरं वाटतं. पण हीच रसायनं पोटाच्या आतल्या अस्तरावर चिकट थर टिकवून धरतात, नाहीतर पोटातलं ॲसिड पोटालाच खायला लागेल. आणि हीच मंडळी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा सांभाळतात, विशेषतः कुत्र्याने पाणी कमी प्यायलेलं असेल, उलट्या झाल्या असतील तेव्हा. म्हणजे गुडघ्याला आराम पडला त्याच वेळी पोटाचा आणि किडनीचा पहारेकरीही झोपवला. फरक पडला हा पुरावा औषध सुरक्षित असल्याचा नाहीच, ते काम करतंय एवढाच.

माणसातही हे होतं, म्हणून तर डॉक्टर काहीतरी खाऊन मग गोळी घ्या म्हणतात. पण आपल्याकडे थोडी मोकळी जागा आहे, कुत्र्याकडे ती फारच कमी आहे. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटातून पटकन रक्तात जातं, मग लिव्हर ते पित्तातून परत आतड्यात सोडतं, आतडं ते पुन्हा शोषून घेतं, असं तेच औषध आत गोल गोल फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत आतून ओरबाडत जातं.

आता तो 'अर्धी गोळी'चा हिशोब बघू. अर्धी म्हटलं की वाटतं किती सांभाळून दिली. ४०० मिलिग्रॅमची गोळी, तिची अर्धी म्हणजे २००, कुत्रा २० किलोचा, म्हणजे किलोला १० मिलिग्रॅम झालं. किलोला ८ ते १६ मिलिग्रॅम रोज महिनाभर दिल्यावर कुत्र्यांच्या पोटात अल्सर झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे सांभाळून दिलेली अर्धी गोळी रोज चालू ठेवली तर ती आधीच त्या पट्ट्यात बसली. आणि कुत्रा छोटा असेल, समजा ५ किलोचा, आणि त्याने पूर्ण ४०० ची गोळी खाल्ली तर किलोला ८० होतात, एका झटक्यात उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होऊ शकते. किलोला साधारण १७५ मिलिग्रॅमच्या वर किडनी जायची भीती, किलोला ४०० च्या वर झटके, बेशुद्धी. हे आकडे धडधाकट कुत्र्याचे बरं का, म्हातारा असेल, किडनी आधीच थकलेली असेल, स्टेरॉईड चालू असेल तर ह्याच्या कितीतरी खालीच सगळं बिघडतं.

नॅप्रॉक्सेन ह्या दुसऱ्या दुखण्याच्या गोळीचं तर अजून वाईट. माणसाच्या अंगातून त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १२ ते १७ तास लागतात. कुत्र्यात जवळजवळ ७४ तास. सकाळ-संध्याकाळ आपण घेतो तसं त्याला दिलं तर पहिली गोळी निम्मीसुद्धा संपलेली नसते आणि तिच्यावर दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी चढत जाते. किलोला ५ मिलिग्रॅमसुद्धा त्रास द्यायला पुरतं.

ह्यावर लोकांचं ठरलेलं उत्तर, "नाही नाही, आम्ही साधी पॅरासिटामॉल दिली, ती तर लहान बाळाला पण देतात." बाळाला देतात हे खरं आहे, कुत्रा बाळ नाही. (लाडात म्हणा, माझीही काही हरकत नाही, पण लिव्हर ऐकत नाही.) पॅरासिटामॉलचा मार्गच वेगळा आहे. लिव्हरमध्ये ती तुटताना थोडं विषारी द्रव्य तयार होतं, ते निष्प्रभ करायला ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो संपला की ते द्रव्य लिव्हरच्या पेशींवर तुटून पडतं. शिवाय कुत्र्यांमध्ये एक एन्झाइम मुळातच नाही, जे माणसात असतं, त्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनवरही परिणाम होतो, ते ऑक्सिजन वाहून न्यायच्या लायकीचं राहत नाही, रक्त तपकिरी दिसायला लागतं, हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन मातकट किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. किलोला १०० मिलिग्रॅमच्या आसपास कुत्र्याच्या लिव्हरला धोका धरतात, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला ५०० ची एक गोळी झाली की काम झालं.

मांजरीचा इथे विषय नाही पण लिहून टाकते, मांजरीला पॅरासिटामॉल म्हणजे विष. कमी-जास्त असं काही नाही. एका गोळीत जीव जाऊ शकतो.

मग कुणीतरी म्हणतंच, "पण आमच्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली होती." हो, देतात. काही वेळा पॅरासिटामॉल कुत्र्याला दिली जाते, पण वजन करून, लिव्हरचे रिपोर्ट बघून, मोजून, ठरावीक दिवस. डॉक्टरांनी एकदा एका कुत्र्याला दिली म्हणून ती गोळी कुत्र्यांची झाली असं होत नाही, पण चिठ्ठी कपाटात जपून ठेवलेली असते आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कुत्र्यावर तीच काढली जाते.

सगळ्यात फसवं नाव मात्र मेलॉक्झिकॅम. हे दुखण्याचं औषध कुत्र्यांनाही देतात, माणसांनाही, नाव तेच. म्हणून ज्याला थोडं वाचायची सवय आहे तो माणूस इथे हमखास अडकतो, त्याला वाटतं मी काही अडाण्यासारखं करत नाहीये, हे तर कुत्र्यांचंच औषध आहे. कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१, बस. म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाचं अर्धा मिलिग्रॅम. माणसाची गोळी येते साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. १५ ची दिली तर तीस पट झालं! त्या गोळीचे तीस सारखे तुकडे करून बघा एकदा, पहिल्या चारांनंतर ओट्यावर नुसती पांढरी पूड उरते. म्हणूनच कुत्र्यांचं जे येतं ते बऱ्याचदा पातळ औषध असतं, सोबत छोटी सिरिंज, आणि तिच्यावर मिलीऐवजी कुत्र्याच्या वजनाच्या किलोच्या खुणा असतात.

आणि हल्ली गोळीत एकच औषध असतं कुठे? आयबुप्रोफेन अधिक पॅरासिटामॉल, वर डोकेदुखीची असेल तर कॅफिन, सर्दीची असेल तर नाक मोकळं करणारं औषध, ते कुत्र्याच्या हृदयाची धडधड प्रचंड वाढवतं. गोड सिरप किंवा जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये कधीकधी साखरेऐवजी जायलिटॉल घातलेलं असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. म्हणजे दुखण्यासाठी द्यायला गेलो एक आणि पोटात गेली चार.

एकदा दवाखान्यात आमच्या आधी एक काका होते, मोठा, वयस्क लॅब्राडोर घेऊन आलेले. खात नाही, मलूल आहे, एवढीच तक्रार. डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबल्यावर हिरडी पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. इथे दाबायच्या आधीच पांढरट होती. डॉक्टर म्हणाले, "काही औषध चालू आहे का?" काका म्हणाले, "नाही." "शीचा रंग?" "काळपट आहे जरा, डांबरासारखी." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काका, दुखण्याची कुठली गोळी दिलीत का?" "नाही हो, उगाच कशाला देऊ." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांच्या मुलीने काही न बोलता बॅगेतून स्ट्रिप काढली आणि टेबलावर ठेवली. निम्म्याच्या वर रिकामी. काका म्हणाले, "त्याने तर तो पळायला लागला होता." डॉक्टर रागावले नाहीत, रागवायला वेळच नव्हता, पण स्ट्रिप हातात आल्यावर पुढचं सगळं फटाफट ठरलं, रक्त तपासणी, सलाईन, रक्त चढवायला लागेल का ह्याची चौकशी. ती काळी शी म्हणजे पोटातलं रक्त होतं, पचून बाहेर पडलेलं.

तो कुत्रा वाचला. पण मला लक्षात राहिलं ते काकांचं 'नाही'. वाईट माणूस अजिबात नव्हता, उलट त्या कुत्र्याच्या मानेवरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही. लाज वाटली असणार, दुसरं काय! आणि ह्या लाजेपायी लोक जी माहिती लपवतात ना, ती डॉक्टरला सगळ्यात जास्त हवी असते. कारण दुखणं कमी करायला कुत्र्यांची जी औषधं आहेत, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब वगैरे, तीसुद्धा आयबुप्रोफेनच्याच कुळातली. आधीची गोळी अंगात असताना त्यावर ही दिली किंवा स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं तर पोटाला भोक पडायची वेळ येते. त्यामुळे घरची गोळी दिली असेल तर डॉक्टरला सहसा काही दिवस थांबावं लागतं, आठवडाभरसुद्धा. म्हणजे लवकर आराम पडावा म्हणून दिलेल्या अर्ध्या गोळीमुळे खरं औषध आठवडाभर लांबतं आणि तोवर कुत्रा कण्हत बसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अजून एक जे कुणी मोजत नाही. लंगडणं हा काही आजार नाही, आत काहीतरी बिघडलंय त्याची ती वर्दी आहे. गुडघ्यातलं लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर कुत्रा पाय टेकवत नाही, आणि बरोबरच करतो, तो पाय त्याला वाचवायचा असतो. गोळीने दुखणं दाबलं की तो त्याच पायावर उड्या मारतो आणि उरलेलं अर्धंही फाटतं. दुसरं म्हणजे गोचीड ताप. त्यातही सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो, अंग गरम लागतं आणि त्यातच रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात. अशा कुत्र्याला ॲस्पिरिन दिली म्हणजे रक्त गोठायची जी काही थोडी ताकद उरली होती तीही गेली. बाहेरून दोन्ही कुत्री सारखीच लंगडतात, घरात बसून मला किंवा तुम्हाला फरक कळणार नाही.

आता समजा गोळी गेलीच पोटात. तुम्ही दिली, आजोबांनी दिली किंवा कुत्र्याने स्वतः स्ट्रिपसकट फस्त केली, आयबुप्रोफेनच्या काही गोळ्यांवर गोड आवरण असतं आणि ते कुत्र्यांना आवडतं. लक्षणं दिसायची वाट बघू नका, एवढं एक पाळा. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात, मग ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात, आयबुप्रोफेन आत गोल फिरतं म्हणून चारकोल परत परत द्यायला लागतो. पॅरासिटामॉल असेल तर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. घरी मीठ पाजून उलटी करवायचा प्रकार अजिबात नको, मिठाने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रं त्यानेच दगावू शकतं. दूध पाजल्याने विष उतरत नाही. निघताना स्ट्रिप सोबत घ्या, किती रिकाम्या आहेत ते मोजा, किती वाजता खाल्लं असेल त्याचा अंदाज आणि कुत्र्याचं वजन, ह्या गोष्टी फोनवरच सांगितल्या तर तुम्ही पोचेपर्यंत तिकडे तयारी झालेली असते.

आणि पोचल्यावर पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "चला, सुटलो" करत घरी आणू नका. किडनी कशी चालतेय ते रक्तातल्या क्रिएटिनीनवरून बघतात, आणि ते वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं जवळजवळ पाऊण काम गेलेलं असतं. म्हणून ते दोन दोन दिवस सलाईन लावून ठेवतात, पुन्हा पुन्हा रक्त काढतात, बिल वाढवायला नाही. खूप पाणी पिणं, खूप सू करणं, मग अचानक सू कमी होणं, हे काही दिवसांनी दिसायला लागलं तर तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

"मग रात्री अकराला कुत्रा कळवळतोय आणि सगळं बंद आहे, तर काय नुसतं बघत बसू?" असं मला चिडून विचारतात आणि चिडणं समजू शकतं, मुक्या जनावराचं दुखणं बघवत नाही. आधी पंजा बघा, बोटांच्या मधे, नखाच्या मुळाशी, बऱ्याचदा काटा किंवा तुटलेलं नख एवढंच निघतं. ताजी सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. फिरणं बंद, जिना बंद, सोफ्यावर उडी बंद, सूला न्यायचं तर पट्टा लावून आणि लगेच परत. रात्र निघते. पाय अजिबात टेकतच नसेल, लोंबकळत असेल, पोट टम्म झालं असेल, हिरड्या पांढऱ्या असतील तर मात्र रात्र काढायची नाही, रात्रीचा दवाखाना शोधायचा, आणि तो नंबर कुत्रा धडधाकट असतानाच शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा असतो.

आमची म्हातारी, सोनी, तिच्या कमरेच्या सांध्यांचा विषय कायमचा आहे. तिला गोळी आहे, कुत्र्यांची, पण ती सुरू करायच्या आधी रक्त तपासलं, मग सुरू केल्यावर पुन्हा तपासलं, आता ठरावीक काळाने तपासतो. उलटी झाली किंवा जेवली नाही की त्या दिवशी गोळी नाही, आधी फोन. खरं सांगू का, तिला गोळीपेक्षा जास्त फायदा वजन उतरवल्याचा आणि घसरड्या फरशीवर टाकलेल्या पायपुसण्यांचा झालाय. घर कसं दिसतं ते विचारू नका, पण ती आता उठताना पाय फाकत नाही.

कुत्र्यांची गोळी म्हणजे निर्धोक असंही समजू नका हं. ती चवदार बनवलेली असते, चघळायची, आणि त्यामुळे डबा हाती लागला तर कुत्रं सगळा संपवतं, आणि मग तोच पोटाचा आणि किडनीचा प्रकार. झाकण माणसाच्या पोराला उघडता येणार नाही असं असतं, दातांनी प्लॅस्टिक फोडणाऱ्यासाठी ते बनवलेलं नाही. आमचा डबा वरच्या कपाटात आहे, दार लागणाऱ्या.

जेल आणि स्प्रे लोक विसरतातच. तुम्ही गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल चोळून सोफ्यावर बसलात आणि कुत्रा प्रेमाने गुडघा चाटायला लागला तर औषध त्याच्याच पोटात चाललंय. रोज लावत असाल तर रोज चाललंय. लावल्यावर पायजमा खाली ओढा, हात धुवा, मग त्याला जवळ घ्या. रिकामी ट्यूब कचऱ्यात टाकताना पण झाकणाच्या डब्यात, कारण ट्यूब चावायला त्यांना फार मजा येते.

आणि पाहुणे. आपल्या घरातल्या गोळ्या आपण आवरून ठेवू, पण आलेल्या आत्याबाईंच्या पर्समध्ये बीपीच्या, गुडघ्याच्या, झोपेच्या असा अख्खा दवाखाना असतो आणि ती पर्स खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवलेली असते, चेन उघडी. आमच्याकडे आता दार उघडल्यावर "या, बसा"च्या आधी "पर्स द्या, वर ठेवते" म्हणतो. एक-दोघींनी गैरसमज करून घेतला होता, घेऊ देत.